सोनेरी घड्याळ आणि नानांची अट

असरची नमाज झाली की चिपळूणच्या बाजारपेठेत रमजानची खरी गर्दी सुरू होते. कलिंगडाच्या फोडी, खजुराचे डबे, पपईच्या गाड्या, भज्यांच्या कढया, आणि त्यातून वाट काढत घरी निघालेली माणसे. रोजा सुटायला तास-दीड तास उरलेला असतो आणि ज्याला त्याला वेळ विचारायची असते. अशा वेळी एका जुन्या घड्याळाच्या दुकानासमोर आजोबा आणि नातू उभे होते. नातू आयटीआयत फिटरच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या ईदची ईदी आणि सुट्टीतल्या कामाचे पैसे मिळून त्याच्या खिशात चार हजार रुपये जमले होते. ईदला पांढऱ्या कुर्त्यावर त्याला घालायचे होते सोनेरी, चौकोनी, आकडे दाखवणारे डिजिटल घड्याळ. ऐंशीच्या दशकातल्या सिनेमातल्या माणसाच्या हातात असते तसे.

नानांची अट एकच होती. ‘‘घड्याळ घे. पण सोनं नको.’’

काउंटरमागचे दुकानदार हसले. ‘‘चाचा, चार हजारांत सोनं कुठून येणार? तोळा लाखाच्या पुढे गेलाय.’’

नाना हसले नाहीत. त्यांच्या अटीला चाळीस वर्षांचा इतिहास होता.

१९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत बांधकामे निघाली, आणि रत्नागिरी-रायगडच्या मुसलमान मोहल्ल्यांतून घरटी एक तरी माणूस कुवेत, दुबई, सौदीला गेला. नानाही गेले, ट्रक चालवायला. दोन-दोन वर्षांनी रजेवर येताना बॅगेत काय असायचे हे कोकणात हिंदू-मुसलमान सगळ्यांनाच ठाऊक आहे. टेपरेकॉर्डर, अत्तर, नायलॉनच्या साड्या, टायगर बाम आणि डिजिटल घड्याळे. इकडे त्या काळात घड्याळ म्हणजे एचएमटी. १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला बनू लागलेली ही चावीची घड्याळे लग्नात जावयाला दिली जात. त्यात काटे नसलेले, रात्री उजेड पडणारे, तासाला ‘टिट टिट’ करणारे घड्याळ घेऊन कुणी आला की शेजारपाजार बघायला जमायचा. नानांनी अशी कितीतरी आणली. त्यातले एक याच दुकानदारांच्या वडिलांना मिळाले होते. सोनेरी घड्याळे लोकांसाठी, स्वतःच्या हातात मात्र कायम रुपेरी. पुरुषाला सोने वर्ज्य, हे लहानपणी मदरशात शिकलेले. कुवेतच्या दुकानातले सोनेरी घड्याळ हातात घेऊन, बघून, त्यांनी परत ठेवले होते. कुणाला विचारावे, हे तेव्हा सुचले नाही.

अटीमागचा नियम असा. सोन्याचे दागिने आणि रेशमी वस्त्र पुरुषांना मना, स्त्रियांना मुभा, असे हदीसमध्ये येते. म्हणून मुसलमान पुरुषाच्या बोटात दिसली तर चांदीची अंगठी दिसते. मग सोनेरी घड्याळाचे काय? या वेळी नातवाने ते सुचवले. दुपारी जोहरच्या नमाजनंतर दोघे मशिदीच्या इमामसाहेबांकडे गेले. त्यांनी सोपे करून सांगितले. मनाई सोन्याला आहे, पिवळ्या रंगाला नाही. ज्यात सोनेच नाही, ते घड्याळ घालायला हरकत नाही. खऱ्या सोन्याचा पातळ मुलामा असेल तर मात्र उलेमांमध्ये मतभेद आहेत. वेगळे काढताच येणार नाही इतका पातळ असेल तर चालतो असे काही म्हणतात, काही त्यालाही नको म्हणतात. शंका असेल तर न घातलेले बरे. ‘‘दुकानदाराला विचारून घ्या,’’ एवढे सांगून ते कुराण वाचायला बसले.

तेव्हा दुकानातला पहिला प्रश्न किमतीचा नव्हता. या सोनेरी रंगात आहे तरी काय?

उत्तर नातवाच्या वर्कशॉपमध्येच होते. तिथे लोखंडाला भोके पाडायला सोनेरी ड्रिल बिट असतात. तो सोनेरी थर टायटेनियम नायट्राइडचा. निर्वात भांड्यात धातूची वाफ करून ती स्टीलवर बसवतात. रंग हुबेहूब सोन्याचा आणि कणखरपणा स्टीलहून जास्त. घड्याळांच्या सोनेरी चेनवर जो ‘आयन प्लेटिंग’ म्हणून मुलामा असतो, तो बहुधा याच जातीचा. काही कंपन्या रंग जुळवण्यासाठी त्यावर खऱ्या सोन्याचा नावापुरता थर देतात, पण तसे असेल तर ते मिरवल्याशिवाय राहत नाहीत. जुन्या स्विस घड्याळांच्या पाठीवर १० किंवा २० मायक्रॉन असा आकडा कोरलेला सापडतो. तो खऱ्या सोन्याच्या मुलाम्याचा. या स्वस्त डिजिटल घड्याळांच्या पाठीवर तसले काही नाही. माहितीपत्रकात केस रेझिनची, म्हणजे चक्क प्लास्टिकची, आणि चेन स्टेनलेस स्टीलची. कॅरेटचा उल्लेख कुठेच नाही. नानांनी चष्मा लावून पाठ वाचली आणि मान हलवली.

गंमत अशी की सोनेरी डिजिटल घड्याळाचा जन्म मात्र खऱ्या सोन्यातच झाला. अमेरिकेच्या हॅमिल्टन कंपनीने १९७२ मध्ये ‘पल्सर’ नावाचे पहिले इलेक्ट्रॉनिक डिजिटल मनगटी घड्याळ बाजारात आणले. १८ कॅरेट सोन्याचे, किंमत २१०० डॉलर. त्या पैशात तेव्हा तिथे छोटी मोटार यायची. एवढे देऊन वेळ दिसायची ती कळ दाबल्यावर, तांबड्या दिव्यांच्या आकड्यांत. कारण दिवे सतत लावले तर सेल बसे. पुढच्याच वर्षी जपानच्या सायकोने सतत आकडे दाखवणारा द्रवस्फटिकाचा, म्हणजे आजचा एलसीडी पडदा घड्याळात आणला. १९७४ मध्ये कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या कॅसिओने ‘कॅसिओट्रॉन’ काढले. महिना तीसचा की एकतीसचा हे त्याला आपोआप कळे. मग किमती कोसळल्या. दहा वर्षांत श्रीमंतांचे घड्याळ ट्रक चालवणाऱ्याच्या बॅगेत आले, आणि सोने गळून नुसता रंग उरला. म्हणजे ज्या मूळ वस्तूची ही नक्कल, ती नानांना कधीच चालली नसती. नक्कल आहे म्हणूनच चालते.

नातवाला इतिहासात रस नव्हता. त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. हेच हवे.

दुकानदारांनी मखमली ट्रेमध्ये तीन-चार घड्याळे मांडली. सोनेरी डिजिटलमध्ये आज दुकानात जास्त दिसतात ती कॅसिओच्या व्हिंटेज मालिकेतली. टायमेक्सचेही टी-८० नावाचे चांगले घड्याळ आहे. त्याचा इंडिग्लो उजेड १९९२ पासून नावाजलेला. कॅसिओची सोनेरी घड्याळे साधारण तीन ते पाच हजारांत येतात. पूर्ण धातूच्या केसची त्याहून बरीच महाग. तीच यंत्रणा रुपेरी रंगात जवळजवळ निम्म्या पैशांत मिळते, हे दुकानदारांनी स्वतःहून सांगितले. ‘‘वरचे पैसे रंगाचे. पटत असेल तर द्या.’’ असे सांगणारे दुकानदार कमी.

नातवापुढे निवड उरली दोघांत. ए-१५९ आणि ए-१६८. फोटोत दोन्ही सारखीच वाटतात, हातात घेतल्यावर कळते. ए-१५९ लहान, रुंदी तेहतीस मिलिमीटर, जाडी आठच्या आसपास. बारीक मनगटावर देखणे बसते आणि कुर्त्याच्या बाहीत अडकत नाही. ए-१६८ छत्तीस मिलिमीटर रुंद, थोडे जाड. आजच्या मोठमोठ्या घड्याळांपुढे दोन्ही चिमुकली. ज्यांना ताटलीएवढे घड्याळ घालायची सवय आहे त्यांना पहिले दोन दिवस बाईचे घड्याळ घातल्यासारखे वाटते, मग वाटेनासे होते.

खरा फरक अंधारात. दुकानदारांनी दोन्ही घड्याळे ओंजळीत धरली, वर हात झाकला आणि नानांना आत डोकवायला सांगितले. ए-१५९ मध्ये कडेला एक छोटा दिवा लागतो. त्याच्या जवळचे आकडे दिसतात, लांबचे अंदाजाने वाचायचे. ए-१६८ ची कळ दाबली की अख्खा पडदा निळसर-हिरवा उजळतो. पडद्यामागे विजेने उजळणारा पातळ पत्रा असतो. नाना म्हणाले, ‘‘सहरीला हेच बरं.’’ पहाटे घरात सगळे झोपलेले, मोठा दिवा लावायचा नाही, आणि खायला किती मिनिटे उरली हे बघायचे, अशा वेळेला निळसर उजेड फार उपयोगी. काही सोनेरी मॉडेलांत काळ्या पडद्यावर उजळ आकडे असतात. शोकेसमध्ये ती भारी दिसतात. संधिप्रकाशात, म्हणजे नेमके इफ्तारच्या सुमारास, ती वाचताना हात डोळ्यांपर्यंत न्यावा लागतो.

मग पाण्याचा प्रश्न. नमाजपूर्वी वजू, म्हणजे हात, तोंड, पाय धुणे. दिवसातून पाच वेळा, आणि रमजानमध्ये रात्रीची तरावीहची जादा नमाज असते तेव्हा कधी सहाव्यांदाही. पाणी त्वचेपर्यंत पोचले पाहिजे, म्हणून घड्याळ वर सरकवावे किंवा काढावे लागते. या घड्याळांवर नुसते ‘वॉटर रेझिस्ट’ लिहिलेले असते, पुढे मीटरचा आकडा नाही. त्याचा अर्थ हात धुताना उडालेले पाणी चालेल, पोहणे नको. पाण्याखाली कळा तर दाबायच्याच नाहीत. दुकानदारांना हे वेगळे सांगायला नको होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा त्यांचे दुकान आढ्यापर्यंत बुडाले होते. चिखलातून काढलेली घड्याळे त्यांनी धुऊन ओळीने उन्हात मांडली. काही चालत होती. ‘‘पण ती मी विकली नाहीत. आत गेलेला ओलावा आज ना उद्या पट्ट्या खातो.’’

चेनचे लॉक मात्र वजू करणाऱ्याच्या सोयीचे. बाकीच्या धातूच्या चेनमध्ये कड्या काढाव्या लागतात, इथे लॉकच सरकते. बारीक स्क्रू ड्रायव्हरने पत्ती उचलायची, लॉक हवे तिथे न्यायचे, पत्ती दाबायची. घरी दोन मिनिटांचे काम. ज्यांच्या हाताला केस जास्त त्यांना ही चेन अधूनमधून चिमटा काढते, तेवढे सोसायचे. सोनेरी रंग पहिल्यांदा उडतो तो लॉकच्या कडांवर आणि टेबलाला घासणाऱ्या बाजूवर. प्लास्टिकच्या केसवरचा मुलामा चेनइतका कणखर नसतो. घाम आणि अत्तर त्यावर साचू देऊ नये. अत्तर लावायचे ते घड्याळाखाली नाही, दुसऱ्या मनगटाला. काचही रेझिनची, चरे पडणारच. बारीक चरे टूथपेस्टने चोळले तर जातात, हा जुना उपाय इथे खरोखर चालतो.

आता नकलीची गोष्ट. सोने नकली चालेल, घड्याळ नकली नको. ईदच्या बाजारात रस्त्यावर पाचशे-सातशेला अगदी हीच सोनेरी घड्याळे मिळतात, नावासकट. नातवाचा एक मित्र असेच घेऊन फसला होता. पंधरा दिवसांत मनगट काळे-हिरवे आणि घड्याळ चार मिनिटे पुढे. ए-१६८ ची परीक्षा सोपी आहे. उजेडाची कळ दाबून बघा. पूर्ण पडदा निळसर उजळण्याऐवजी कोपऱ्यात एक बल्ब लागला तर वस्तू परत करा. कॅसिओच्या एफ-९१ आणि ए-१५८ मध्ये उजवी कळ तीन-चार सेकंद दाबून धरली की पडद्यावर कंपनीचे नाव उमटते, ही खूण पुष्कळांना माहीत आहे. ती नकला करणाऱ्यांनाही माहीत झाली आहे, तेव्हा एकट्या तिच्यावर भरवसा नको. पाठीवरचे कोरीव अक्षर स्पष्ट आहे का, कळा मऊ दबतात का, हे बघावे. सगळ्यांवर कडी म्हणजे पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड. मॉडेल नंबर बिलावर लिहून घ्यावा.

वेळेच्या बाबतीत असली घड्याळे किती सच्ची? महिन्याला तीस सेकंद पुढे किंवा मागे, अशी कंपनीची कबुली. म्हणजे पहिल्या रोज्याला बरोबर लावलेले घड्याळ तिसाव्या रोज्याला फार तर अर्धा मिनिट चुकेल. रमजान थंडीच्या अखेरीला आला की कोकणात सूर्यास्त अख्ख्या महिन्यात दहा-एक मिनिटांनीच पुढे सरकतो, म्हणजे रोज वीस सेकंदांच्या आसपास. मशिदीत वाटल्या जाणाऱ्या वेळापत्रकात पुष्कळदा थोडी सावधगिरीची मिनिटे धरलेली असतात. तेव्हा अर्ध्या मिनिटाने रोजा बिघडत नाही. महिन्यातून एकदा मोबाइलवर बघून सेकंद शून्यावर आणले की झाले. सेल सात वर्षे जातो. मोबाइल आणि स्मार्टवॉच चार्ज करकरून कंटाळलेल्या पोरांना हे आकर्षण असावे. या घड्याळाला कुणाचा मेसेज येत नाही. तरावीहच्या वेळी तर ती मोठीच सोय.

एक मात्र करायचे. तासाचा ठोका बंद ठेवायचा. रात्री नऊला सगळी जमात सजद्यात असताना एका मनगटावरून ‘टिट टिट’ झाले की मागच्या रांगेतली मुले हसतात आणि पुढच्या रांगेतले बुजुर्ग नमाजनंतर घड्याळवाल्याला शोधतात. गजर एकच आहे, तो सहरीला लावावा. तोही चोवीस तासांच्या पद्धतीत, म्हणजे पहाटेच्या साडेचारऐवजी दुपारच्या साडेचारचा गजर लागून रोजा उपाशीपोटी सुरू व्हायचा नाही. हे दर रमजानला कुणाच्या तरी घरी होते. पाच नमाजांच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा सांगणारी घड्याळेही मिळतात. कॅसिओने ‘प्रेयर कंपास’ नावाने काढली होती. पण ती गोष्ट वेगळी आणि नातवाच्या फोटोतली नव्हे.

तारखेचेही एक गमतीचे आहे. या साध्या घड्याळांना साल कळत नाही. फेब्रुवारी कायम अठ्ठावीसचा. लीप वर्षात २९ फेब्रुवारीला ते १ मार्च दाखवते आणि तारीख हाताने मागे आणावी लागते. ‘‘मग आपल्या चांदचं कसं करायचं?’’ नाना पहिल्यांदाच मिश्कीलपणे म्हणाले. इस्लामी महिना एकोणतीसचा की तीसचा हे आभाळ ठरवते, आणि नवी तारीख मध्यरात्री नाही, मगरिबला सुरू होते. ईद उद्या की परवा, हे कोणतेही घड्याळ सांगू शकत नाही. त्यासाठी एकोणतिसाव्या रोज्याला गच्चीवर जावे लागते.

सहा वाजत आले होते. नातवाने ए-१६८ निवडले. दुकानदारांनी थोडे कमी केले तरी चार हजारांतून फारसे उरले नाही, पण ईदच्या चपलांपुरते उरले. बिल बनवताना त्यांनी विचारले, ‘‘जकातीत धरणार का चाचा, सोनेरी आहे म्हणून?’’ नाना म्हणाले, जकात साडेसात तोळ्यांपासून, आणि ती सोन्यावर. या डब्यावर कसली जकात? दोघेही हसले.

तोवर नातवाने घड्याळ नानांच्या मनगटावर चढवले होते. नुसते कसे दिसते ते बघायला. नानांनी बाही थोडी वर केली. हात लांब धरून बघितले, जवळ आणून बघितले. कळ दाबली, पडदा उजळला. आणखी एकदा दाबली. काढायची घाई त्यांनी केली नाही.

दुकानदार बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुढे आले. ‘‘चेन कोणाच्या मनगटाला बसवू?’’

नातवाने नानांकडे बघितले, मग स्वतःच्या मनगटाकडे. ‘‘दोघांच्या मधे बसवा, काका. सहरीला नाना घालतील.’’

दुकानदारांनी पत्ती उचलली, लॉक तीन-चार दाते मागे सरकवले आणि पत्ती दाबून बंद केली. बाहेर फळवाला शेवटचे कलिंगड कापत होता. दोघांनी चालायचा वेग वाढवला.